वटवाघळांची संध्याकाळ

महाबळेश्वरला गेलेला पर्यटक सूर्यास्त सहसा चुकवत नाही. बॉम्बे पॉइंटवर त्यासाठी गर्दी होते, सूर्यबिंब डोंगररांगेआड गेले की क्षणभर शांतता पसरते आणि पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत मोटारींची रांग बाजारपेठेच्या दिशेने वळते. चणे, स्ट्रॉबेरी, जेवण असा मग उरलेला कार्यक्रम असतो. सह्याद्रीतला तितकाच देखणा आणखी एक प्रसंग नेमका या वेळी सुरू होतो आणि तो पाहायला मात्र क्वचितच कोणी थांबते. डोंगरकपारीतील गुहा, ओस पडलेली लेणी, किल्ल्यांवरची अंधारी कोठारे आणि वापरात नसलेल्या जुन्या विहिरी यांत दिवसभर उलटी लटकलेली वटवाघळे याच संधिप्रकाशात बाहेर पडतात. आधी एक-दोन, मग दहा-वीस आणि मोठी वसाहत असेल तर नंतर मोजता येणार नाहीत इतकी.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत वटवाघळांना राहण्याजोग्या जागांची वाण नाही. पश्चिमेच्या घाटमाथ्यावर जांभा खडकात तयार झालेल्या नैसर्गिक गुहा आहेत. वाई परिसरात आणि कराडजवळच्या आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी खोदलेली आहेत. मिरजेच्या पूर्वेला दंडोबाच्या डोंगरात कातळ कोरून केलेले गुहामंदिर आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून तो बनला आहे. म्हणजे दिवसा निवारा आणि रात्री अन्न या दोन्ही गोष्टी येथे एकमेकींपासून फार दूर नाहीत.

असे असूनही वटवाघळांविषयीचे आपले ज्ञान दोन टोकांवर अडकलेले आहे. एकीकडे भीती, दुसरीकडे बॅटरी घेऊन गुहेत शिरण्याचे कुतूहल. वटवाघळांच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखाच होतो. गुहेबाहेर, बाजूला, गप्प बसून त्यांचे निर्गमन पाहणे हा तिसरा मार्ग आहे. त्यात माणसाला धोका नगण्य, प्राण्याला त्रास नाही आणि दिसते मात्र गुहेच्या आतल्यापेक्षा कितीतरी अधिक.

कोण कोण बाहेर पडते

मराठीत मोठ्याला वटवाघूळ किंवा वाघूळ आणि लहानाला पाकोळी म्हणण्याची पद्धत आहे. शास्त्रीय वर्गीकरण इतके सोपे नसले तरी संध्याकाळी आकाशाकडे पाहणाऱ्याला हा भेद पुष्कळ उपयोगी पडतो. जगात वटवाघळांच्या चौदाशेहून अधिक जाती आहेत, भारतात सव्वाशेहून अधिक. त्यांतील मोजक्या फळे आणि मधुरस यांवर जगतात. उरलेल्या बहुसंख्य जाती कीटक खातात.

फळे खाणाऱ्यांपैकी सर्वांत मोठे वटवाघूळ वडा-पिंपळावर उघड्यावरच लटकते. गावाबाहेरच्या जुन्या झाडावर दिवसभर कलकलाट करणारी ती हीच मंडळी. तिला गुहा लागत नाही. गुहेत, लेण्यांत आणि खोल विहिरींत राहणारे मध्यम आकाराचे, तपकिरी रंगाचे फळखाऊ वटवाघूळ म्हणजे ‘रूसेटस लेशेनॉल्टी’. लेशेनॉल्ट या फ्रेंच निसर्गअभ्यासकाचे नाव त्याला मिळाले असून देमारे या प्राणिशास्त्रज्ञाने १८२० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. फळखाऊ वटवाघळे सहसा डोळ्यांवर आणि नाकावर विसंबून असतात. रूसेटस मात्र जीभ टाळ्यावर आपटून टक्‌टक्‌ असा आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात भिंत कुठे आहे हे ओळखते. हा आवाज माणसालाही ऐकू येतो. गुहेच्या तोंडाशी शांत बसले, तर पंखांच्या फडफडीआधी तोच कानी पडतो.

कीटकभक्षकांची यंत्रणा अधिक सूक्ष्म आहे. घशातून काढलेले त्यांचे बहुतेक ध्वनी आपल्या श्रवणमर्यादेच्या, म्हणजे सुमारे २० हजार हर्ट्झच्या, वरचे असतात. त्यामुळे शेकडो पाकोळ्या डोक्यावरून गेल्या तरी आपल्याला फक्त वाऱ्याची झुळूक आल्यासारखे वाटते. पश्चिम महाराष्ट्राच्या गुहांत घोड्याच्या नालेच्या किंवा पानाच्या आकाराचे नाक असलेल्या जाती, लांब उघडी शेपूट असलेल्या जाती, तसेच पाली आणि इतर लहान वटवाघळेही मटकावणारे मोठ्या कानांचे वटवाघूळ असे निरनिराळे प्रकार आढळतात. यांतील ‘मिनिऑप्टेरस’ या प्रजातीचे वटवाघूळ विशेष लक्षात ठेवण्याजोगे. त्याच्या पंखातील एका बोटाचे हाड इतके लांब असते, की विश्रांतीच्या वेळी पंखाचे टोक आत दुमडून ठेवावे लागते. लांब, निमुळत्या पंखांमुळे ते पाणपाकोळीसारखे वेगाने आणि सरळ उडते. गुहेतून धूर निघावा तसा लोट निघताना दिसला, तर तो बहुधा अशाच वेगवान कीटकभक्षकांचा असतो.

वटवाघूळ आंधळे असते आणि माणसाच्या केसांत अडकते, या दोन समजुतींना आधार नाही. केसाहून बारीक तार अंधारात टाळू शकणारा प्राणी डोक्यावर आदळेल कशाला? डोक्याभोवती तो घिरट्या घालतो, ते तेथे जमलेल्या डासांसाठी.

अंधाराची वाट पाहण्याचे कारण

कीटकभक्षकापुढे रोज संध्याकाळी एक पेच असतो. डास, चिलटे आणि इतर लहान कीटकांची हवेतील गर्दी दिवस मावळताना सर्वाधिक असते. काळोख दाटला की ती ओसरते. म्हणजे जितके लवकर बाहेर पडावे तितके पोट लवकर भरते. पण उजेड शिल्लक असताना शिकारी पक्षीही जागे असतात. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटे करणारा शाहीन ससाणा संधिप्रकाशात वटवाघळे टिपतो. शिक्राही संधी सोडत नाही. त्यांची पाळी संपली, की घुबडांची सुरू होते.

भूक आणि भय यांच्या या ओढाताणीतून बाहेर पडण्याची वेळ ठरते. लहान, चपळ पाकोळ्या सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात दिसू लागतात. फळखाऊंना घाई नसते. फळ कोठे पळून जात नाही. ती बरीच उशिरा, काळोख होत आल्यावर निघतात. पोटात पिल्लू असलेल्या किंवा पिल्लाला पाजणाऱ्या मादीची भूक मोठी, त्यामुळे ती अधिक धोका पत्करते. पौर्णिमेच्या आसपास उजेड असतो म्हणून काही जाती उशीर करतात. आभाळ भरून आले असेल तर काही लवकर निघतात. मुसळधार पावसात अनेकदा निर्गमन लांबते किंवा तुटक होते. महाबळेश्वरसारख्या, वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या ठिकाणी जुलै-ऑगस्टच्या किती रात्री त्यांना अर्धपोटी काढाव्या लागत असतील, याचा विचार करून पाहावा.

बाहेर पडण्याआधी गुहेच्या तोंडाशी एक मजेदार प्रकार चालतो. काही वटवाघळे उडत दारापर्यंत येतात, गिरकी घेतात आणि पुन्हा आत जातात. बाहेर उजेड किती उरला आहे, याचा तो अंदाज असतो. या फेऱ्या वाढत जातात, आतला गोंगाट चढतो आणि मग एखादे परत न वळता बाहेर निसटते. त्याच्या मागोमाग दुसरे. झुंडीने निघण्याचा फायदा उघड आहे. ससाण्याची झडप एकावरच पडणार. हजारांत आपण सापडण्याची शक्यता एकट्याने जाण्यापेक्षा पुष्कळ कमी. मोठ्या गुहेत ही धार अर्धा-पाऊण तास टिकते, लहान लेण्यात दहा मिनिटांत सारे संपते.

एका गुहेवर सारा भार

महाबळेश्वर परिसरातील ‘रॉबर्स केव्ह’ हे नाव गिरिस्थानाच्या पर्यटकांना ठाऊक आहे. तेथील वटवाघळे प्राणिशास्त्रज्ञांनाही पूर्वीपासून परिचित आहेत. पश्चिम भारतातील वटवाघळांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत आंद्रे ब्रोसे या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी येते. त्यांची ‘मध्य व पश्चिम भारतातील वटवाघळे’ ही लेखमाला १९६२-६३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रातील वटवाघळांच्या प्रजननाविषयीची बरीचशी मूलभूत माहिती पुढे नागपूरच्या प्रा. ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून मिळाली.

ब्रोसे यांनी दुमडत्या पंखांच्या मिनिऑप्टेरसविषयी नोंदवलेली एक गोष्ट आज पुन्हा वाचण्याजोगी आहे. ही वटवाघळे वर्षभर अनेक गुहांत विखुरलेली असली, तरी सुमारे ७० किलोमीटर त्रिज्येच्या परिसरातील समूहाची एक मुख्य गुहा असते. पिल्ले जन्माला घालण्यासाठी माद्या त्या एकाच गुहेत गोळा होतात; बाकीच्या जागा म्हणजे तिच्या उपवसाहती. नकाशावर महाबळेश्वर मध्यबिंदू धरून ७० किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर वाई, सातारा, महाड आणि कोयनानगर त्यात येतात. एवढ्या मुलखातील माद्या एखाद्याच गुहेवर विसंबून असतील, तर त्या गुहेत त्या दिवसांत काय घडते, यावर साऱ्या मुलखातील संख्या अवलंबून राहणार.

ते दिवस साधारणतः मे-जूनचे, म्हणजे शाळांच्या सुट्यांचे आणि महाबळेश्वरातील गर्दीचे. हा योगायोग वटवाघळांना महाग पडणारा आहे. मिनिऑप्टेरसची मादी वर्षातून एकदा, एकाच पिल्लाला जन्म देते. गुहेत अचानक प्रखर उजेड पडला, कोणी आरडाओरडा केला किंवा धूर झाला, की सगळा थवा एकदम उडतो आणि छताला चिकटलेली, अजून उडता न येणारी पिल्ले खाली पडतात. खाली पडलेले पिल्लू बहुधा वाचत नाही. उंदरासारख्या प्राण्याची पिढी काही महिन्यांत भरून निघते. आकाराने उंदराएवढ्याच असलेल्या वटवाघळाला त्यासाठी वर्षे लागतात. त्याच्या आयुष्याचा हिशेब लहान प्राण्यासारखा नसून हत्तीसारखा आहे, असे म्हटले तरी चालेल. आयुष्य दीर्घ, संतती थोडी.

फळखाऊ रूसेटसची स्थिती किंचित बरी. आपल्याकडे त्याचे वर्षातून दोन विणीचे हंगाम असतात, एक मार्चच्या सुमारास आणि दुसरा पावसाळ्यात. पण पिल्लू प्रत्येक वेळी एकच. सुरुवातीचे काही आठवडे मादी त्याला पोटाशी घेऊनच उडते. मार्च-एप्रिलमध्ये गुहेबाहेर बसलेल्याला एखादे वटवाघूळ इतरांपेक्षा जड, खाली झुकून उडताना दिसले, तर त्याच्या छातीशी बहुधा पिल्लू असते.

एकाच गुहेवर अवलंबून राहण्याचे टोकाचे उदाहरण पाहायचे तर सांगलीहून दक्षिणेला, बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात जावे लागते. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सस्तन प्राणी सर्वेक्षणात मोठ्या कानांचे एक वटवाघूळ सापडले. ब्रिटिश संग्रहालयाचे ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये ते नवी जाती म्हणून जाहीर केले आणि वन खात्यातून निवृत्त झालेले अभ्यासक रॉटन यांचे नाव तिला दिले. विसावे शतक संपेपर्यंत साऱ्या जगात ही जाती फक्त त्या एका गुहेतून ठाऊक होती. पुढे कंबोडिया आणि मेघालयातही तिच्या नोंदी झाल्या. बारापेडे ज्या भीमगड जंगलात आहे, त्याला २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. तोवर शंभर वर्षे ती वसाहत टिकली, याचे श्रेय त्या गुहेपर्यंत सहज पोचता येत नाही या एकाच गोष्टीला द्यावे लागेल.

निपाहची बातमी आणि तिचा अर्थ

जून २०२१ मध्ये महाबळेश्वरची वटवाघळे अचानक बातम्यांत आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरमधील एका गुहेतून वटवाघळे पकडून तपासली होती. रूसेटस जातीच्या ३३ आणि पिपिस्ट्रेलस या छोट्या पाकोळीच्या एका वटवाघळात निपाह विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली. महाराष्ट्रातील वटवाघळांत या विषाणूची चाहूल लागल्याची ती पहिलीच नोंद होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेतून राज्य नुकतेच सावरत होते; त्यामुळे बातमीने घबराट पसरली, यात नवल नाही.

प्रतिपिंड आढळणे याचा अर्थ त्या प्राण्याचा कधीतरी विषाणूशी संबंध आला होता आणि त्याच्या शरीराने प्रतिकार केला, इतकाच असतो. ते वटवाघूळ त्या क्षणी विषाणू पसरवत होते, असा त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. भारतात निपाहचा उद्रेक पहिल्यांदा २००१ मध्ये पश्चिम बंगालमधील सिलिगुडीत, त्यानंतर २००७ मध्ये नादिया जिल्ह्यात आणि २०१८ पासून केरळमध्ये अनेकदा झाला. विषाणूचे मुख्य आश्रयस्थान मानले जाते ते झाडांवर राहणारे मोठे फळखाऊ वटवाघूळ. वटवाघळांनी उष्टावलेली फळे, दूषित झालेला खजुरीचा कच्चा रस आणि रुग्णाचा निकटचा सहवास हे संसर्गाचे ज्ञात मार्ग आहेत. सूर्यास्ताच्या वेळी गुहेबाहेर मोकळ्या हवेत बसून आकाशाकडे पाहणे हा त्यांपैकी नव्हे.

गुहेच्या आत शिरण्याची गोष्ट मात्र वेगळी. बंदिस्त हवा, अंगावर पडणारे मलमूत्र, पायांखाली वर्षानुवर्षे साचलेल्या विष्ठेची धूळ आणि त्या धुळीत वाढणाऱ्या, फुप्फुसांना अपाय करणाऱ्या बुरशीची शक्यता, हे सारे तेथे असते. म्हणजे माणसाचे आरोग्य आणि वटवाघळाचे हित या दोन्हींसाठी सल्ला एकच निघतो: आत जाऊ नये. असे मतैक्य वन्यजीवांच्या बाबतीत क्वचितच आढळते आणि तरीही ते लोकांपर्यंत पोचवण्याचे काम कोणी नेटाने केलेले दिसत नाही. बातमी भीतीची झाली, सूचना मात्र मागे राहिली.

भीतीपोटी वसाहती उठवणे हा उपाय तर उलटच फिरतो. हाकललेली वटवाघळे नाहीशी होत नाहीत, विखुरतात. त्यांच्यावरचा ताण वाढतो आणि ताणाखालच्या प्राण्याकडून विषाणू बाहेर पडण्याची शक्यता वाढते, असे अभ्यासक सांगतात. एप्रिल २०२० मध्ये दक्षिण आशियातील वटवाघूळ अभ्यासकांनी एकत्र येऊन करोनाच्या भीतीने वटवाघळांना मारू किंवा हुसकावू नये, असे आवाहन केले होते.

तासगावची द्राक्षे

सांगली जिल्ह्यात वटवाघळाची ओळख वेगळ्या अंगाने होते. तासगाव, मिरज, पलूस आणि कवठे महांकाळ हा द्राक्षाचा आणि बेदाण्याचा मुलूख. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत बागा तयार मालाने भरलेल्या असतात आणि मार्चमध्ये रूसेटसच्या माद्या विणीला आलेल्या असतात. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीचा आणि मादीच्या सर्वाधिक भुकेचा काळ असा एकमेकांवर येतो. कर्ज काढून बाग उभी करणाऱ्याला रात्रीतून घड उष्टे झालेले पाहून वटवाघळाच्या पर्यावरणीय महत्त्वाचे व्याख्यान ऐकवणे हा अन्यायच होय. त्याचे नुकसान खरे आहे.

यावर जाळी हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. मात्र जाळी कशी लावली, यावर बरेच अवलंबून असते. सैल सोडलेल्या बारीक नायलॉनच्या तंगुसात वटवाघळे, घुबडे आणि सापही गुरफटून मरतात आणि फाटलेल्या भागातून बाकीची आत येतातच. ताणून बसवलेली, लहान छिद्रांची, जाड धाग्याची जाळी दोघांनाही वाचवते. तिचा खर्च अधिक येतो, हे खरे.

हिशेबाची दुसरी बाजूही आहे. कीटकभक्षक वटवाघूळ एका रात्रीत आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास कीटक फस्त करू शकते. पिल्लाला पाजणारी मादी त्याहूनही अधिक. त्यांत पिकांवर अंडी घालणारे पतंग मोठ्या प्रमाणात असतात. फळखाऊ वटवाघळे उंबर, वड, पिंपळ, जांभूळ यांच्या बिया दूरवर टाकतात. तोडलेल्या किंवा उघड्या पडलेल्या डोंगरावर पक्षी सहसा रेंगाळत नाहीत, वटवाघळे मात्र उडता उडताच बी टाकून जातात. टेटूसारखी रात्री फुलणारी झाडे परागीभवनासाठी त्यांच्यावरच अवलंबून असतात. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या प्रयत्नांतून देवराष्ट्रेजवळच्या उजाड डोंगरावर सागरेश्वर अभयारण्य उभे राहिले. अशा ठिकाणी माणसाने लावलेल्या झाडांत न लावलेल्या उंबर-पिंपळाची भर पडते, तेव्हा त्यामागे पक्ष्यांइतकीच वटवाघळेही असतात.

पठारांवरच्या पवनचक्क्यांचाही येथे उल्लेख करायला हवा. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे-चाळकेवाडीपासून सांगलीच्या पूर्व भागापर्यंत त्या उभ्या आहेत. युरोप-अमेरिकेत फिरत्या पात्यांमुळे मोठ्या संख्येने वटवाघळे मरतात, हे सिद्ध झाले आहे. मंद वाऱ्याच्या रात्री पाती थांबवून ठेवली, तर हे मृत्यू बरेच घटतात आणि विजेचे उत्पादन अगदी थोडे कमी होते, असाही तेथील अनुभव आहे.

कायदा उशिरा बदलला

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळांची जागा पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उंदीर, घुशी आणि कावळ्यांच्या पंक्तीला, उपद्रवी प्राण्यांत होती. त्यांना मारणे गुन्हा नव्हता. बारापेडेचे रॉटनचे वटवाघूळ आणि दक्षिणेतील सालिम अलींच्या नावाचे फळखाऊ वटवाघूळ या दोनच जातींना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले होते. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ही अनुसूचीच रद्द झाली. दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक मुदतीपुरते उपद्रवी ठरवण्याचा केंद्राचा अधिकार मात्र कायम आहे. पन्नास वर्षे कायद्याने ज्याला कीड म्हटले, त्याच्याविषयीचे जनमत दुरुस्तीच्या तारखेला बदलत नाही, हे उघड आहे.

पाहायचे कसे

मलेशियातील मुलू राष्ट्रीय उद्यानात गुहेसमोर योग्य अंतरावर बाके मांडलेली आहेत. संध्याकाळी पर्यटक तेथे बसून वटवाघळांच्या नागमोडी रांगा पाहतात. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ब्रॅकन गुहेतून उन्हाळ्यात दीड-दोन कोटी वटवाघळे निघतात आणि ऑस्टिन शहरातील एका पुलाखालची पंधरा लाखांची वसाहत पाहायला लोक नदीकाठी चटया टाकून बसतात. सुरुवातीला त्याच ऑस्टिनमध्ये ही वटवाघळे हटवण्याची मागणी झाली होती. आपल्याकडे आकडे इतके मोठे नाहीत आणि बाकेही नाहीत. पण एखादे ओळखीचे लेणे, पाण्याजवळची कपार किंवा गावाबाहेरची पडकी विहीर एवढ्यावर भागते.

सातारा-सांगली भागात डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातनंतर. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जागेवर पोचावे, म्हणजे उजेडात वाट आणि कडा नीट पाहून घेता येतात. बसायचे ते गुहेच्या तोंडासमोर नव्हे, बाजूला. वटवाघळांची बाहेर पडण्याची वाट ठरलेली असते आणि तिच्यात माणूस उभा राहिला, तर ती आतच घुटमळतात. तोंड पश्चिमेकडे, उजळ आकाशाकडे राहील अशी जागा निवडली, तर त्या पार्श्वभूमीवर पंखांची ठेवण स्पष्ट दिसते. बॅटरी लागलीच तर तिच्यावर लाल कागद बांधावा. कॅमेऱ्याचा फ्लॅश, मोठ्याने बोलणे, सिगारेट, मोबाईलवरची गाणी यांपैकी काहीही चालणार नाही. गडकोटांवर आणि लेण्यांवर प्रखर दिवे सोडण्याची हौस अलीकडे वाढली आहे. दारावर उजेड पडला, की निर्गमन लांबते आणि कीटकांच्या गर्दीची मोलाची वेळ निघून जाते.

जमिनीवर पडलेले वटवाघूळ हाताने उचलू नये. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम साबण-पाण्याने भरपूर धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. संरक्षित क्षेत्रातील गुहेसाठी वन विभागाची आणि संरक्षित लेण्यांत सूर्यास्तानंतर थांबण्यासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मे-जूनमध्ये विणीच्या गुहेकडे न फिरकणेच उत्तम. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ आभाळ स्वच्छ असल्याने सोयीचा.

मोजणीची हौस असेल, तर दोघांनी बसावे. एकाने घड्याळ धरून दर मिनिटाला इशारा करावा, दुसऱ्याने बाहेर गेलेली वटवाघळे मोजावीत आणि परत आत शिरलेली वजा करावीत. एका संध्याकाळच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. त्याच जागी, त्याच महिन्यात, वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदींना असतो. एका तुकडीची मोजणी संपत आली, की काळोखात टक्‌टक्‌ ऐकू येऊ लागते. पाकोळ्या गेलेल्या असतात आणि फळखाऊंची पाळी सुरू झालेली असते.

परतीचा प्रवास पाहायला कोणी थांबत नाही, कारण तो विखुरलेला असतो. पोट भरलेली वटवाघळे रात्रभर एकेकटी येत राहतात, शेवटची उजाडण्यापूर्वी. मिनिऑप्टेरसच्या विणीच्या गुहेत त्या वेळी छताला हजारो उघडी पिल्ले एकमेकांना खेटून लटकलेली असतात. परतलेली मादी त्या गर्दीवर उतरते, कधी सरपटत, कधी उडून जागा बदलत, आवाजाने आणि वासाने आपले एकच पिल्लू शोधून काढते आणि मगच पंख मिटते.